हरिश्चंद्राच्या आधीचा वाटाणा

(नाशिकमधल्या एका अभ्यासिकेत मुलांसमोर केलेलं बोलणं, नंतर थोडं नीट करून लिहिलंय.)

मला विषय दिला होता अपयश कसं पचवायचं, आणि मी बोलावणाऱ्यांना म्हटलं की मला जरा त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर बोलू द्या. नापास झाल्यावर काय करायचं यावर खूप जण बोलतात, चांगलंच बोलतात. पण मला जी मुलं भेटतात त्यातल्या बऱ्याच जणांवर नापास व्हायची वेळच आलेली नसते, कारण ती परीक्षेच्या हॉलपर्यंत, ऑडिशनपर्यंत, पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलेलीच नसतात. तयारी चालू असते, वर्षानुवर्षं चालू असते.

इथे ज्यांची एमपीएससी चालू आहे त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल, आधी सिलॅबस पूर्ण होऊ दे मग टेस्ट सिरीज लावतो. सिलॅबस कधी पूर्ण होतो का हो कुणाचा? पॉलिटी झाली की इकॉनॉमी राहते, इकॉनॉमी होईपर्यंत पॉलिटी विसरलेली असते, चालू घडामोडी तर रोजच्या रोज वाढतात, आणि टेस्ट आपली पुढच्या महिन्यावर जाते. आता २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे उत्तरं हाताने लिहायची आहेत, तरी एक उत्तर लिहून दाखव म्हटलं की मुलं म्हणतात मॅडम आधी कंटेंट तर होऊ दे. आणि हीच मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीवर असतात, तीन रंगांच्या पेनांनी नोट्स काढतात, कुठल्या क्लासचं कुठलं मटेरियल चांगलं हे त्यांना तोंडपाठ असतं. यांना आळशी कसं म्हणायचं? घरचे म्हणतात, आणि ते ऐकून ऐकून मुलंही स्वतःला तेच म्हणायला लागतात, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण दुखणंच चुकीचं ओळखलंय, मग औषध कुठून लागू पडणार.

होतं काय, की टेस्ट दिली नाही तोपर्यंत एक शक्यता जिवंत असते, दिली असती तर मला चांगले पडले असते. पेपर हातात आला की ती शक्यता संपते आणि तिच्या जागी एक आकडा येतो, दोनशेपैकी बहात्तर. आपल्याकडे तो आकडा त्या पेपरचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. दहावीला किती पडले होते हे लग्नाच्या बोलणीपर्यंत पुरतं. मग आकडा येऊच द्यायचा नाही, ही मनाची धडपड असते स्वतःला वाचवायची. ती समजण्यासारखी आहे, फक्त तिची किंमत आपण वर्षांमध्ये मोजतो.

१९७८ साली स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींची कोडी सुटणारी होती, काहींची बहुतेक कोडी सुटूच शकत नव्हती, म्हणजे अंदाजाने उत्तरं ठोकायची. नंतर दोन्ही गटांना सांगितलं, वा, फार छान केलंत. मग म्हणाले आता अजून एक तशीच टेस्ट आहे, त्याआधी दोनपैकी एक गोळी निवडा, एकीने डोकं जास्त चालेल आणि दुसरीने मंदावेल. गोळी प्रत्यक्षात द्यायची नव्हतीच, निवड काय करतात तेवढं बघायचं होतं. तर ज्यांना आपलं कौतुक नेमकं कशामुळे झालं हेच कळलेलं नव्हतं त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांमध्ये, डोकं मंद करणारी गोळी घेणारे जास्त निघाले. कारण उघड आहे, पुढच्या टेस्टमध्ये पडलो तर म्हणता येतं की गोळीमुळे झालं.

मला हे वाचल्यावर आपली शाळेतली 'हुशार' मुलं आठवली. ज्याला लहानपणापासून हुशार हुशार म्हटलं गेलं, पण तू हे गणित असं तीनदा खोडून केलंस म्हणून जमलं असं कोणी सांगितलं नाही, त्याच्या हातात फक्त शिक्का असतो, तो कशाने मिळाला ते माहीत नसतं, मग तो पुन्हा कसा मिळवायचा हेही माहीत नसतं. अशा मुलाला पुढची प्रत्येक परीक्षा म्हणजे शिक्का जायची भीती. मग परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत रील्स बघणं, फॉर्म शेवटच्या दिवशी भरणं, तब्येत बरोबर त्याच आठवड्यात बिघडणं, या गोळ्या आपण आपल्या हाताने घेतो आणि घेतोय हे कळतही नाही. घरी लहान भाऊबहीण असतील ना, त्यांचं कौतुक करताना काय केलंस म्हणून जमलं तेवढं आवर्जून बोला, बाकी काही नाही.

अजून एक प्रयोग सांगते, हा १९६० चा, जॉन ॲटकिन्सन आणि जॉर्ज लिटविन यांचा. जत्रेत खुंटीवर रिंग टाकायचा खेळ असतो तसाच, पण कुठून टाकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. अगदी जवळून टाकली तर खुंटीवर पडणारच, फार लांबून टाकली तर पडणं जवळजवळ अशक्य. जिंकायची ओढ जास्त आणि परीक्षेची धास्ती कमी अशी जी मुलं होती ती बहुतेक मधल्या अंतरावर उभी राहत होती, जिथून पडेलही किंवा नाही पडणार. धास्ती जास्त असलेल्यांनी मधली जागा त्या मानाने कमी निवडली. जवळून टाकणारा समजतो, त्याला सुरक्षित राहायचंय. पण लांबून टाकणारा? तो तर धाडसी वाटतो की! पण नीट बघा, लांबून चुकली तर त्याला कोणी हसत नाही, उलट कौतुक होतं, केवढ्या लांबून ट्राय केलं बघ म्हणून. म्हणजे तिथेही अपयशाची लाज नाही. खरी लाज मधल्या जागेवर असते, जिथून आपल्याला जमायला हवं होतं.

म्हणून मला कोणी एकदम फार मोठं स्वप्न सांगितलं की मी आधी विचारते या आठवड्यात काय करतोयस. आयएएसच होणार, कादंबरीच लिहिणार पाचशे पानी, स्टार्टअपच काढणार आणि सगळ्या देशात नेणार. स्वप्न मोठं असावं, माझी काही हरकत नाही, पण काही वेळा ते इतकं लांब नेऊन ठेवलेलं असतं की तिथून रिंग चुकली तरी चालते. एक गोष्ट लिही, मासिकाला पाठव, आणि ती साभार परत येऊ शकते म्हटलं की चेहरा बदलतो.

आता फाळक्यांचं सांगते, नाशिकमध्ये उभं राहून त्यांच्याबद्दल बोलायला बरं वाटतं. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक तुम्ही बघितलंच असेल. त्यांची गोष्ट आपण कशी सांगतो, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला, झपाटले, सगळं पणाला लावलं आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा केला. यात खोटं काही नाही. पण अशी सांगितली की ऐकणारा घाबरतो, कारण त्याला वाटतं सगळं पणाला लावायची हिंमत आली की मगच सुरुवात करायची.

मधलं गाळू नका ना. तो सिनेमा पाहिला तेव्हा ते चाळीशीला आलेले, छापखान्यातल्या भागीदारांशी बिनसून बाहेर पडलेले, त्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता तेव्हा प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलेलं. घाबरायला कारणं भरपूर होती. त्यांनी काय केलं, कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली, एक छोटा कॅमेरा घेतला, रात्री घरात मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर टाकून चित्रं दाखवत बसले. या ध्यासात डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं, उपचारांनी नजर परत आली. मग विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला, कॅबोर्न त्याचं नाव, ओळख ना पाळख, थेट जाऊन भेटले. त्याने आधी सांगितलं की या धंद्यात पडू नका, तुमच्या हवेत हे जमणार नाही. पण मग त्यानेच त्यांना सेसिल हेपवर्थ या सिनेमे काढणाऱ्या माणसाच्या स्टुडिओत पोचवलं, तिथे त्यांनी काम जवळून बघितलं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र ऑर्डर करून एप्रिलमध्ये परत आले.

आणि हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी काय शूट केलं? वाटाण्याचं रोप! कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर त्याचं थोडंथोडं चित्रण केलं आणि बी रुजून वेल वर येते ते जेमतेम मिनिटभरात पडद्यावर दाखवलं. 'अंकुराची वाढ'. ही फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली, ज्यांच्याकडून भांडवल मिळू शकेल अशांना, आणि ती बघून कर्ज मिळालं.

मला या वाटाण्याबद्दल तासभर बोलता येईल. तो फसला असता तर गेलं काय असतं, एक कुंडी, थोडी फिल्म, एक महिना. नट नको, सेट नको, कपडेपट नको. पण त्यातून ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणार होतं तो प्रश्न छोटा नव्हता, की मला या हातांनी, इथल्या हवेत, हलणारं चित्र काढता येतं का? ते हो किंवा नाही, पडद्यावर सगळ्यांसमोर दिसणार होतं. छोटी सुरुवात करा, छोटी सुरुवात करा असं सगळे सांगतात, पण हा भाग राहून जातो. घरगुती जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय करायचा म्हणून लोगो बनवला, इन्स्टावर पेज काढलं, डब्यांचे रेट विचारून आलो, हे सगळं छोटं आहे पण यात नापास होताच येत नाही, म्हणून तर ते इतकं बरं वाटतं करायला. चार ओळखीच्या नसलेल्या लोकांना आठवडाभर पैसे घेऊन डबा देणं, यात नापास होता येतं. पाचवा दिवस येईपर्यंत कळतं की भाजी कमी पडतेय का, पोळ्या वातड होतायत का, आठव्या दिवशी कोणी पुन्हा मागतंय का. नोट्सना रंग देणं म्हणजे लोगो, आणि घड्याळ लावून लिहिलेलं उत्तर म्हणजे वाटाणा.

आता तुमच्या मनात असेल की मॅडम बोलायला सोपं आहे. नाहीये सोपं, मला माहितीय. पुण्यात रूमचं भाडं, मेसचे पैसे, गावाकडे वडिलांनी कोणाकडून तरी उचललेले, आणि मुलींना तर घरून सांगितलेलं असतं की दोन वर्षं देतो, नाही झालं तर स्थळं बघायची. ज्याच्या मागे घरचं दुकान आहे त्याच्या अपयशाची किंमत आणि तुमच्या अपयशाची किंमत एक नाही, आणि स्टेजवरून उडी मारा उडी मारा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. फाळक्यांच्या घरीही किंमत खरीच होती, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, शूटिंगच्या सगळ्या लोकांना रांधून घातलं. पण म्हणूनच तर म्हणते, ज्याच्याकडे गमवायला कमी आहे त्याने तर स्वस्तातलं अपयश लवकर घेतलं पाहिजे. मॉक टेस्टमधले बहात्तर मार्क पहिल्या वर्षात आले तर काय करायचं ते ठरवता येतं, चौथ्या वर्षात थेट आयोगाच्या निकालात आले तर हातात काही राहत नाही.

आणि लोक काय म्हणतील याचं उत्तर लोकांकडे दुर्लक्ष करा असं मी देणार नाही, ते कोणालाच जमत नाही. बघणारे निवडा एवढंच सांगते. फाळक्यांनी वाटाणा अख्ख्या गिरगावाला नाही दाखवला. तुमचं पहिलं उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकायची गरज नाही, ज्याला त्यातलं कळतं आणि जो खरं सांगेल अशा एकाला दाखवा, आणि कसं वाटलं असं विचारू नका, तिसऱ्या परिच्छेदात मुद्दा कळला का असं विचारा. पहिल्या प्रश्नावर माणूस तुमच्याबद्दल बोलतो, दुसऱ्यावर उत्तराबद्दल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती नेहमी गाळली जाते. फाळक्यांचं पुढे सगळं छान झालं असं नाही. १९१४ ला महायुद्ध आलं आणि भांडवल आटलं, नंतर कंपनीत भागीदारांशी पटेना तेव्हा सगळं सोडून काशीला गेले, परत आले, मग बोलपट आले. १९३७ चा 'गंगावतरण' त्यांचा शेवटचा, आणि १९४४ ला इथे नाशिकातच गेले. धास्ती त्यांना सोडून गेली असेल असं मला वाटत नाही, कॅमेरा हातात घेताना ती सोबत असणारच. तुमचीही जाणार नाही, आणि ती जायची वाट बघायची गरज नाही, पेपर लिहिताना हात थोडा थरथरला तरी अक्षर वाचता येतं.

बोलणं पुरे करते. मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवलेत, प्रत्येकाने दोन घ्या. प्रश्न असा आहे, 'महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांसमोरील अडचणी सांगून उपाय सुचवा', दीडशे शब्द, दहा मार्क, वेळ आठ मिनिटं. वाचलेलं नसेल तरी लिहायचं, निफाड-दिंडोरीकडचे असाल तर तुम्हाला पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. झालं की शेजाऱ्याशी कागद बदला, शेजाऱ्याने मार्क द्यायचे नाहीत, फक्त जिथे मुद्दा कळला नाही तिथे खाली रेघ मारायची. नाव वर लिहा. चला, घड्याळ लावतेय.