जिना चढताना धाप लागते का?

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना लक्षणं विचारणारी प्रश्नावली कशी घडते, हे सांगायला मला एकच प्रश्न पुरेसा आहे. 'गेल्या आठवड्यात जिना चढताना धाप लागली का?'

हा प्रश्न 'क्यूएलक्यू-एलसी१३' या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रश्नावलीतला. एकूण तेरा प्रश्न, त्यातले धापेचे तीन: बसल्या जागी, चालताना, जिना चढताना. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप. आता धापेच्या भीतीने ज्याने जिना चढणंच सोडलंय, त्याने काय लिहावं? तो रकाना कोरा ठेवतो, नाहीतर अगदी प्रामाणिकपणे 'अजिबात नाही' लिहितो. कागदावर माणूस ठणठणीत! एरवी एखादं उत्तर राहिलं तर उरलेल्या उत्तरांच्या सरासरीवर भागवतात. इथे मात्र तिन्ही उत्तरं असतील तरच धापेचे एकत्रित गुण काढा, असा नियम आहे. कोऱ्या रकान्यातच आजार लपलेला असू शकतो, हे तो नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

असल्या गोष्टी टेबलाशी बसून सुचत नाहीत. आधी रुग्णांशी मोकळेपणाने बोलायचं, नवं काही निघेनासं होईपर्यंत. मग कच्चे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून विचारायचं, 'उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं?' आकडेमोड त्यानंतरची.

आकडेमोडीबद्दल थोडक्यात. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे 'क्रॉनबाखचा अल्फा' या आकड्यावरून पाहतात (एकच्या जितका जवळ, तितकी उत्तरं जुळणारी) आणि तो ०.७ च्या वर गेला की हायसं वाटतं. मला त्या आनंदाचं कौतुक नाही. एकच प्रश्न शब्द फिरवून तीनदा विचारा, अल्फा छान वाढेल. तब्येत स्थिर असताना पुन्हा विचारल्यावर तेच उत्तर येतं का, आणि तब्येत बदलल्यावर उत्तरही बदलतं का, हे जास्त महत्त्वाचं. उत्तरांचे गुण शंभरच्या मापावर मांडतात आणि त्यात दहा गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा, असं साधारणपणे धरतात.

कधी विचारता, यावरही बरंच अवलंबून असतं. 'एलसीएसएस' ही याच आजाराची दुसरी प्रश्नावली गेल्या चोवीस तासांबद्दल विचारते, 'एलसी१३' आठवड्याबद्दल. केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी असेल आणि फॉर्म नेहमी पुढच्या डोसच्या दिवशीच भरून घेतला, तर आधीच्या डोसनंतरचे सगळ्यात वाईट दिवस कुठेच नोंदले जात नाहीत. शिवाय ज्यांची तब्येत जास्त ढासळते तेच फॉर्म भरेनासे होतात. उरलेल्यांची सरासरी सुधारते आणि औषध गुणकारी भासतं. जिन्याचाच प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर.

यावर एक उपाय म्हणजे रुग्ण येण्याची वाट न पाहणं. फ्रान्समधल्या एका चाचणीत रुग्ण घरूनच दर आठवड्याला इंटरनेटवर लक्षणं कळवत आणि ठरावीक बिघाड दिसला की डॉक्टरांना सूचना जाई. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निकालांत अशा रुग्णांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २२.५ महिने होतं, नेहमीच्या तपासण्या आणि ठरलेल्या स्कॅनवर असलेल्यांचं १४.९. रुग्ण १२१च होते, त्यामुळे आकडा जपून वापरावा. पण आजार उलटलेला कळला तेव्हा पहिल्या गटातले जास्त रुग्ण पुढचे उपचार पूर्ण झेपतील अशा अवस्थेत होते.