फणी आणि काडी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या डहाणू-तलासरीकडे वारली घरांत लग्नाचं चित्र काढत नाहीत, लिहितात. लग्नघरातली आतली कुडाची भिंत शेणमातीनं सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि मग सवाशिणींनी बसून तिच्यावर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच सामान. मोठ्या चौकात पालघट देवी, शेजारच्या धाकट्या चौकात पंचशिऱ्या देव. बाजूला धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते.

मी तीस वर्षं या भागात चित्रकला शिकवली. अशा किती भिंतींसमोर मी बसलो असेन, मोजदाद नाही. एक जण चौकटीची जाळी भरत असते, दुसरी देवीपाशी गुंतलेली असते, तिसरी वाडग्यातलं पीठ ढवळत नजर ठेवून असते. एखाद्या पोरीला कोपऱ्यातलं झाड देतात. तिची रेघ थरथरली तरी कुणी पुसत नाही, शेजारची बाई आपली फांदी तिच्या फांदीला नेऊन टेकवते आणि झाड उभं राहतं. पूर्ण झालेल्या चौकाखाली कुणाचंही नाव नसतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण वारली चित्र आज आपल्याला कागदावर, कापडावर, चहाच्या कपावरही भेटतं, पण त्यातलं हे एकत्र बसणं मात्र मागे राहिलं.

कागद आला कसा, तेही ऐका. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीकडे पाठवलं. तिथल्या बायका लग्नघरात नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंतीवर कोहबर लिहीत. हो, त्यांच्याकडेही क्रियापद ‘लिहिणं’ हेच. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिला, दुष्काळात चार पैसे मिळावेत म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी आमच्या मुलखात आले. इथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेल्यावर ज्यानं बोलणं सोडलं आणि धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगितलं, तो हा माणूस. पुढे त्यांचं काम जगभर गेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

कागदावर माझा राग नाही. कागदानं पाड्यावरच्या कितीतरी घरांत भात शिजवला. पण कागद एकाच्याच मांडीवर मावतो आणि त्याच्या कोपऱ्यात सही करावी लागते. ती सही बहुतेक पुरुषांची झाली. ज्या सवाशिणींच्या हातांत ही कला होती, त्या बाजूला पडल्या. देवाणघेवाणीचं कौतुक करताना हे झाकून ठेवायला मी तयार नाही.

देवाणघेवाण पुष्कळ झाली. २००३ मध्ये इंग्लंडचे कलावंत रिचर्ड लाँग म्हसे यांच्या मुलखात आले, इथल्या रानातून चालले, इथल्या माती-दगडांत त्यांनी काम केलं. त्यानंतर जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दोघांच्या कामाचं एकत्र प्रदर्शन झालं. पुढे डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी आणखी एक पाऊल टाकलं. फोटो गिल यांनी काढलेला आणि त्याच फोटोवर वांगड यांची रेषा. कॅमेऱ्याला रिकामं माळरान दिसतं, तिथे काय काय घडून गेलं ते वांगड लिहितात. जपानी चित्रकारांच्या एका गटानं २०१० मध्ये बिहारच्या सुजाता गावातल्या शाळेच्या भिंती रंगवल्या. त्यांच्यातले युसुके असाई तर रंग म्हणून तिथलीच माती वापरत. तोच उपक्रम पुढे गंजाडच्या शाळेत आला. बघा, किती तऱ्हा झाल्या: कुठे शेजारीशेजारी दोन कामं, कुठे एकाच कागदावर दोन हात आणि कुठे पुन्हा भिंत.

आता माझ्या शाळेची भिंत. हजारीबागकडच्या दोन बायका आमच्या भागात आल्या होत्या. झारखंडमधल्या त्या भागातही लग्नाची भिंत असते, तिला खोवर म्हणतात. मी ठरवलं, चौक लिहिणाऱ्या आमच्याकडच्या आजीबाई आणि या पाहुण्या, सगळ्यांनी मिळून शाळेच्या ओसरीची भिंत करायची. सिमेंटची भिंत आदल्या दिवशी मुलांनी शेणमातीनं सारवली. रात्री मी एकटा तिथे गेलो आणि खडूनं भिंतीच्या बरोबर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे वारली, उजवीकडे खोवर. दोघींना सारखी जागा, कुणावर अन्याय नको, असा माझा हिशोब.

सकाळी आजींनी ती रेघ पाहिली. “गुरुजी, घराच्या मधे बांध कशाला घातला?” एवढंच म्हणाल्या आणि ओल्या फडक्यानं रेघ पुसून टाकली. मला वाईट वाटलं ते रेघ पुसली म्हणून नाही. तीस वर्षं या बायकांसमोर बसूनही मला ती रेघ सुचली, याचं.

खोवरचं काम मी तोवर हातभर अंतरावरून पाहिलेलं नव्हतं. पाहुण्यांनी गोणीतून काळी माती आणली होती. भिंतीला आधी तिचा हात दिला आणि तो वाळू दिला. वर पांढऱ्या मातीचं पातळ लिंपण. ते ओलं आहे तोवरच फणीच्या तुकड्यानं ओढायचं. फणीचे दात जिथून जातात तिथलं पांढरं निघतं आणि खालचं काळं उघडं पडतं. चार दात, चार काळ्या रेघा, एका झटक्यात. पांढरं सुकलं की संपलं, त्यामुळे एकीनं लिंपत पुढे जायचं आणि दुसरीनं लगेच मागून फणी चालवायची. दोघींशिवाय ते काम होतच नाही. आणि आमच्याकडचं नेमकं उलटं. गेरू कोरडा झाल्यावर काडीनं एकेक पांढरी रेघ सावकाश ठेवत जायची. त्या पांढरं काढतात, आम्ही पांढरं मांडतो.

आजी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. भाषा एकमेकींची फारशी कळत नव्हती, मधे माझं मोडकंतोडकं हिंदी. दुपारी पाहुणीनं भिंतीच्या खालच्या अंगाला फणी लाटेसारखी आडवी ओढली. आजी उठल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि लाटांच्या वर जो गेरू कोरडा होता, तिथे काडीनं जाळं लिहायला लागल्या. नदी झाली. मग मासे आले, खेकडा आला, जाळं ओढणारी दोन माणसं आली. पाहुणी हसली, आपल्या फणीचा तुकडा तिनं मधोमध मोडला आणि अर्धा आजींच्या हातात दिला. आजींची पहिली ओढ तिरकी गेली, जास्त दाबली म्हणून खालच्या काळ्याचाही पोपडा निघाला. पाहुणीनं त्यांचं मनगट धरून हात हलका करून दाखवला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर एवढी सरमिसळ झाली, की कुठली लाट कुणाची हे मलाही सांगता येईना.

ती भिंत पुढच्या दोन पावसाळ्यांत गेली. शेणमातीची भिंत जायचीच, दर लग्नाला ती पुन्हा सारवली जाते आणि जुना चौक नव्या सारवणाखाली जातो. त्याचं आपल्याकडे दुःख करत नाहीत, कारण पुन्हा लिहिणारे हात घरातच असतात. दुःख वेगळ्या भिंतींचं होतं. मिथिलेच्या, म्हणजे त्याच मधुबनीकडच्या, चित्रकार गंगा देवींनी कर्करोगाशी झगडत दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात कोहबर घर रंगवलं होतं. १९९१ मध्ये त्या गेल्या. पुढे नूतनीकरणात ते घर पाडलं गेलं. आता ते लिहायला कोण येणार? ती बातमी वाचली तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

आजींच्या नातीच्या लग्नाला मी गेलो होतो. आतल्या खोलीत चौक लिहून झाला होता. पालघट देवी, जाळी, झाडं, वरात, सगळं परंपरेनं येतं तसंच, एक रेघ इकडची तिकडे नाही. देवीच्या चौकात आजी कुणाचं काही येऊ देणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि ते मला पटतंही. बाहेर पडताना मात्र मी उंबऱ्यापाशी थांबलो. दाराच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढऱ्या मातीचा बोटभर रुंद पट्टा होता आणि त्यातून लाटेसारख्या दोन-दोन रेघा गेल्या होत्या. अर्ध्या फणीला तेवढेच दात राहिले होते.

नमस्कार.