गेला, पण कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार. आज इंग्रजीतल्या ‘गो’ या दोन अक्षरी क्रियापदाविषयी बोलणार आहे. शाळेत आपण सर्वांनी ‘गो, वेंट, गॉन’ असे सुरात घोकले. परंतु ‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले, हे आम्हांला कोणत्याही मास्तरांनी सांगितले नाही. (व्याकरण पाठ करून घेण्यावर माझा फारसा विश्वास नाही, तो तेव्हापासूनच.)

खरे असे आहे की ‘वेंट’ हे ‘गो’चे रूपच नव्हे. जुन्या इंग्रजीत त्या जागी ‘एओद’ असे वेगळेच रूप होते. ‘वेंड’, म्हणजे वळणे, या दुसऱ्या क्रियापदाचा ‘वेंट’ हा भूतकाळ साधारण 15व्या शतकात तिथे कायमचा येऊन बसला. पुन्हा सांगतो : वर्तमानकाळ एका क्रियापदाचा आणि भूतकाळ दुसऱ्याचा, असा हा संसार आहे. यात हसण्यासारखे काही नाही, कारण आपले ‘जातो’ हे संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गत’पासून. आपल्या शेजारची कोंकणी ‘वता’ आणि ‘गेलो’ म्हणते, आणि ज्यांच्या घरी आजोबा पोर्तुगीज बोलत, त्यांना ठाऊक असेल की ‘ईर’, ‘वो’ आणि ‘फुय’ ही एकाच ‘जाण्या’ची रूपे मुळात तीन निरनिराळ्या लॅटिन क्रियापदांची आहेत.

अर्थांचेही तसेच. आपल्याकडे वीज जाते, तोल जातो, भांड्याला तडा जातो आणि दिवस वाया जातो. इंग्रजीत दूध ‘गो’ करून आंबते, माणूस ‘गो’ करून वेडा होतो आणि गोष्टसुद्धा अमुक प्रकारे ‘गो’ करते. पण ‘गो’च्या शेपटीला ‘ऑफ’ लागले की काय होते, ते मी वास्कोला एका रात्री शिकलो.

फोंड्याच्या मराठी शाळेतून शिकून मी नुकताच एका गोदामात रात्रपाळीचा कारकून म्हणून लागलो होतो. आमचे साहेब पोर्तुगीज शाळेत शिकलेले, नंतर इंग्रजीत रुळलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ होते. त्यांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली होती : ‘इफ द सायरन गोज ऑफ, टेलिफोन मी ॲट वन्स.’ ‘लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, हे मला पक्के ठाऊक होते. तेव्हा सायरन बंद पडला तर फोन करायचा, असा सरळ अर्थ मी लावला. ऐन आषाढात रात्री दोनच्या सुमारास तो सायरन ठणाणा वाजू लागला. मी समाधानाने मान डोलावली, कारण यंत्र उत्तम चालले होते. शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या, ‘आमकां न्हिदूंक दी रे!’ अशा हाका आल्या, कुत्री भुंकू लागली; मी मात्र कर्तव्यदक्षपणे खुर्चीत बसून तो थांबतो की काय यावर लक्ष ठेवून होतो. पाऊण तासाने, बहुधा पाणी आत शिरून, तो गप्प झाला. मी तत्काळ फोन फिरवला.

‘सर, द सायरन हॅज गॉन ऑफ.’

‘कधी?’

‘आत्ताच, एका मिनिटापूर्वी.’

‘आणि त्याआधी?’

‘त्याआधी अगदी व्यवस्थित वाजत होता, सर.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. पुढे साहेब भिजत आले, मागच्या दाराचे कुलूप शाबूत असल्याचे पाहून त्यांनी सुस्कारा सोडला आणि मग ते पोट धरून हसले.

आता थोडक्यात कारण सांगतो. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द, आणि त्यांचा जुना अर्थ ‘पासून दूर’ असा आहे. दिवा चालू स्थितीपासून दूर गेला की विझतो. सायरन किंवा बंदूक आपल्या स्वस्थ स्थितीपासून दूर गेली की वाजते. म्हणून एकच ‘गो ऑफ’ एकीकडे शेवट आणि दुसरीकडे आरंभ दाखवते. हे परके वाटत असेल, तर आपले ‘सुटणे’ आठवावे. शाळा सुटते तेव्हा ती संपते. गाडी सुटते किंवा वारा सुटतो तेव्हा तो सुरू होतो. बंदूकही आपण ‘सुटली’ असेच म्हणतो. बांधलेले मोकळे झाले, एवढेच ते क्रियापद सांगते. पुढे काय घडले, ते कर्त्यावरून ओळखायचे असते.

दुसऱ्या रात्री टेबलावर जुनी चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी, देवनागरीची सवय नसलेल्या हाताने कष्टाने काढलेल्या अक्षरांत, नवी चिठ्ठी होती : ‘सायरन वाजल्यार फोन कर.’