तेरावा आरा

(दृश्य : गोठ्यामागची जुनी बंडी. बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग. भर दुपार.)

ही आमची बंडी, म्हणजे बैलगाडी. टायरची बंडी घरी आली तेव्हापासून गोठ्यामागं उभी आहे. एक चाक धड, दुसऱ्याचे पुठ्ठे, म्हणजे कडेचे लाकडी तुकडे, निखळलेले. मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा त्या धड चाकासमोर बसून मी रेखाचित्र काढायला घेतलं. कार्ट्रिजचा कागद, ०.३ चं पेन, काळी शाई. पेन्सिल मुद्दाम घरातच ठेवली. खोडता येतंय म्हटलं की मी नीट बघत नाही, ही माझी जुनी खोड.

उन्हाला त्याचं काही कौतुक नव्हतं. पारा ४५ च्या आसपास. हात जरा थांबला की पेनाच्या टोकावरच शाई वाळायची, आणि तळव्याचा घाम लागला त्या जागी तीच शाई फुटायची. शेवटी हाताखाली दुपट्टा घेतला. डावीकडं ती एक केसाळ रेघ दिसते ना, ती दुपट्ट्याच्या आधीची.

(दृश्य : चित्रातलं चाक, अगदी जवळून.)

चाक गोल असतं हे ठाऊक असणंच आड येतं. तिरकं बसून पाहिलं तर ते उभट, अंड्यासारखं दिसतं. आरे, म्हणजे चाकाच्या आतल्या दांड्या, वर आणि खाली दाटीनं येतात, मधे मोकळे पडतात. मी ती दाटी मन लावून काढली. आधी बाहेरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, मग आरे, सगळ्यात शेवटी मधला तुंबा.

सावलीसाठी रेघांचं जाळं विणायचा मोह झालाच. तेव्हा सेवाग्रामची बापूकुटी आठवली. तिथं गांधीजींची शिष्या मीराबेन हिनं मातीच्या भिंतीवर मातीचीच ताडाची झाडं उठवली आहेत. शाई नाही की रंग नाही. उजेड तिरपा पडला की झाड दिसतं. म्हटलं, आपणही थोडं उन्हावर सोडून बघू. म्हणून धावेच्या वरच्या कडेला, जिथं लोखंड चमकत होतं, तिथं मी रेघ ओढलीच नाही. सगळ्या चित्रात मला तेवढी कोरी जागा आवडते.

संध्याकाळी सुतारकाका आले. ही बंडी त्यांच्याच हातची. चष्मा वर सारून त्यांनी कागद लांब धरला. मला वाटलं, कोरी कड बघताहेत. ते आरे मोजत होते.

"तेरा आरे असते का कुठी? एका पुठ्ठ्यात दोन बसते. हा तेरावा कशात ठोकशीन बाप्पा?"

सहा पुठ्ठे, बारा आरे. चाक समोर उभं असून खालच्या दाटीत मी एक जास्तीचा घातला होता!

मग काका तिथंच उकिडवे बसले. धाव चाकाहून किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या आगीत तापली की ती फुगते, तेवढ्यात चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती अशी आवळते, की आरे, पुठ्ठे, सगळे सांधे करकचून बसतात.

"आन तू धावच पयले काढली," ते म्हणाले. "चाक तुंब्यापासून सुरू होते."

(दृश्य : कोरा कागद. मधोमध तुंबा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, तुंब्यापासून सुरुवात केली. एकेक आरा मोजून बाहेर नेला. बारा भरले. पण धाव जराशी वाकडी आली, आणि ती कोरी कड काही पुन्हा साधली नाही. काकांना हेच चित्र पसंत.

भिंतीवर मात्र मी पहिलं लावलंय. काका घरी आले की पाणी पिण्याआधी त्याच्याजवळ जातात आणि बोटानं आरे मोजतात. एखादा कमी झाला असेल तर!