फॉरमॅट मारण्याआधी

(शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांसमोर परभणीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

‘सीपीयू लई स्लो झालाय, बघा जरा,’ एवढंच सांगून आपण डबा दुकानात ठेवून येतो. दुकानदार विचारतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही आहे का?’ घेऊन गेलेला शिपाई म्हणतो, ‘नाही, सगळं डी-मध्ये असंल.’ संध्याकाळी मशीन फॉरमॅट होऊन, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकून, परत येतं. चालतंही चांगलं. आणि आठ दिवसांनी कुणाला तरी जुन्या ठेवीदारांची यादी लागते, ती मात्र पुसली गेलेली असते. मंडळी, आज मी दुरुस्तीबद्दल बोलणार आहे, पण क्रम सोडणार नाही. आधी डेटा दुसऱ्या जागी, मग निदान, मग दुरुस्ती. मशीन बाजारात दुसरं मिळतं. २०१४ सालची कर्जखात्यांची नोंद बाजारात मिळत नाही.

‘सी-मध्ये काही नाही’ हे जवळजवळ कधीच खरं नसतं. डेस्कटॉपवर जे दिसतं ते सी-मध्येच असतं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, सगळं तिथेच. आउटलुक वापरत असाल तर वर्षानुवर्षांचे मेल एका पीएसटी फाइलमध्ये तिथेच पडलेले असतात. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅमचा, डेटा कुठे आहे ते टॅलीमध्येच बघून घ्या, कारण बसवणाऱ्यानं तो कुठेही ठेवलेला असू शकतो. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड तर कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. शासनाच्या एखाद्या पोर्टलचं लॉगिन गेलं की मगच आठवतात. डिजिटल सही मात्र यूएसबीला लावायच्या छोट्या डोंगलमध्येच असते, सीपीयूत नसते. तो डोंगल दुकानात पाठवू नका.

आणि फॉन्ट. हा विषय आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच वाचता येणारी अक्षरांची सामाईक पद्धत, रुळण्याआधी कार्यालयांत मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट वापरून. या फाइलींत खरी मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉरमॅटनंतर फॉन्ट गेला की ग्रामसभेचं इतिवृत्त उघडतं आणि समोर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. लोकांना वाटतं फाइल खराब झाली, आणि ते ती डिलीट करतात! फाइल शाबूत असते. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. म्हणून डेटा घेताना विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरचीही कॉपी घ्या. सवड मिळेल तसा तो जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण गावाची कागदपत्रं पुढच्या माणसाला वाचता येणं हे तुमच्या-माझ्या हातात आहे.

आता कॉपी. कट-पेस्ट नाही, कॉपी. बाहेरची डिस्क लावा, तारखेच्या नावानं फोल्डर करा आणि त्यात सगळं घ्या. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळतोय का ते पाहा. मग त्या डिस्कवरच्या चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडा. कॉपी उघडून पाहिल्याशिवाय ती झाली असं मी मानत नाही. मग डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कलाही खंडणी मागणारा व्हायरस कुलूप घालतो.

इथपर्यंत डिस्क धड आहे असं धरलं होतं. पण मशीन स्लो होण्याचं एक मोठं कारण डिस्कच मरायला टेकलेली असणं हे असतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागतं, कॉपी दरवेळी एकाच फाइलवर अडकते, आतून टक-टक आवाज येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत साधन आहे, ते डिस्कची स्वतःची नोंद वाचून दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलीच. ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे नीट वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे आकडे वाढत असतील तर डिस्कवर विश्वास ठेवू नका. सी७ ची ओळ मात्र वेगळी आहे. ती वाढली तर दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वायरचा, किंवा तिच्या जोडणीचा असतो. स्वस्तातली केबल बदलायची सोडून अख्खी डिस्क बदललेली मी पाहिली आहे.

डिस्क मरतेय असं दिसलं की चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवायचं नाही. डिफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं, नाही, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅनही नाही. घागर गळायला लागली की पाझर कुठे आहे ते शोधत बसायचं नसतं, आधी पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यायचं. चेकडिस्क त्या अशक्त डिस्कला सगळीकडून वाचायला लावतं, वर तिच्यावर लिहितंही. सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी उचला, चित्रपट आणि सेटअप राहू द्या. कॉपी अडखळत असेल तर जाणकाराकडून डीडीरेस्क्यू नावाच्या साधनानं पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्या. ते साधन आधी चांगला भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं, कुठवर आलो याची नोंदही ठेवतं. टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंद करा, बस्स. आतलं वाचणारं टोक, म्हणजे हेड, तबकडीवर घासत असेल तर चालू राहिलेलं प्रत्येक मिनिट महाग पडतं. ती डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायची असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कानावर येतो. तो ऐकू नका, आत दव धरतं.

विंडोज सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला, असंही नाही. पेनड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजसारखीच पण मोफत प्रणाली चालवा, काहीही इन्स्टॉल न करता डिस्क उघडून फाइली घेता येतात. किंवा डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या मशीनला लावा. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच छापून कार्यालयाच्या कागदी फाइलला लावा. एसएसडीवर, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या नव्या वेगवान डिस्कवर, आणखी एक गोष्ट जपायला हवी. तिथून डिलीट केलेली फाइल बहुधा परत मिळत नाही, कारण ट्रिम नावाची व्यवस्था ती जागा खरोखर रिकामी करून टाकते.

डेटा सुरक्षित झाला की निदान सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये कोणता रकाना भरलेला आहे ते पाहा. डिस्क सतत १०० टक्के असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवणं हाच खरा उपाय. मेमरी भरलेली असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ करा. स्टार्टअपच्या यादीतून नको ते बंद करा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. आणि अधूनमधून शटडाउनऐवजी रीस्टार्ट द्या, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउननंतरही विंडोजचा गाभा नव्यानं सुरू होत नाही.

प्रोसेसरचा रकाना (टास्क मॅनेजरमध्ये त्यावर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं) भरलेला असेल तर हात सीपीयूच्या मागे धरून बघा. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश सहज होतं. सेलू-मानवतकडच्या जिनिंगच्या कार्यालयांत सीपीयू उघडला की हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली असते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लोक त्याला व्हायरस समजतात आणि फॉरमॅट मारतात. वायर काढा, धातूच्या डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदला. मशीन मधेच बंद पडत असेल तर अर्थिंग, यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा भाग, तपासा. तारीख दरवेळी मागे जात असेल आणि त्यामुळे पोर्टल उघडत नसेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. एवढंच.

पेनड्राइव्हवर नुसते शॉर्टकट दिसतात, हीसुद्धा घाबरून फॉरमॅट मारायची जागा आहे. फाइली बहुधा आतच लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी स्कॅन करा, मग लपवलेल्या आणि संरक्षित सिस्टिम फाइली दाखवायचा पर्याय चालू करा आणि फाइली कॉपी करून घ्या.

विंडोज १० चे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, त्यामुळे अनेक कार्यालयांत मशीन बदलायची किंवा नवं विंडोज टाकायची वेळ आलेली आहे. त्यासाठी पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक, म्हणजे परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम, वापरू नका. ठेवीदारांची नावं आणि खाती ज्या मशीनवर आहेत, तिथे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम चालवायला आपल्याला कुणी परवानगी दिलेली नाही.

दुकानात देताना एक गोष्ट ठामपणे सांगा. विंडोज नव्या एसएसडीवर टाका, जुनी डिस्क फॉरमॅट न करता काढून आमच्या हातात द्या. त्या डिस्कवर कार्यालयाचं नाव आणि तारीख लिहा आणि निदान एक ३१ मार्च पार पडेपर्यंत ती कपाटात ठेवा. वार्षिक हिशेब बंद करताना जी फाइल आठवते ती तोवर सापडलेली असेल.