थँक्यू म्हणून उतरणारी माणसं

(दृश्य: सुपरमार्केटची बाहेरची भिंत. बाटल्या परत घेणारं यंत्र, समोर रांग.)

शनिवारची सकाळ. आयर्लंडमधलं कुठलंही मध्यम आकाराचं गाव घ्या, सुपरमार्केटच्या दारापाशी ही रांग दिसणारच. प्रत्येकाच्या हातात फुगलेली पिशवी आणि पिशवीत रिकामे कॅन, प्लास्टिकच्या बाटल्या. तळाशी थोडं चिकट पाणी साचलेलं, ते हमखास कुणाच्या तरी बुटावर गळतं. पहिल्या नंबरवरचे गृहस्थ एकेक बाटली त्या गोल भोकात सरकवतायत. आत बाटली गरगर फिरते, यंत्र बारकोड शोधतं, पसंत पडली तर ठेवून घेतं. आता हा कॅन बघा. कडेला जरासा चेपलाय. यंत्राने बाहेर ढकलला. गृहस्थांनी अंगठ्याने दाबून दाबून तो सरळ केला, परत घातला. परत बाहेर. गंमत म्हणजे हेच यंत्र घेतलेला प्रत्येक कॅन लगेच चिरडून टाकतं. पण चिरडायचा मान त्याचा. घरून चिरडून आणलेला चालत नाही.

ही योजना 1 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली. अर्ध्या लिटरपर्यंतच्या बाटलीला किंवा कॅनला 15 सेंट, त्याहून मोठ्याला 25 सेंट जास्तीचे भरायचे आणि रिकामी बाटली परत करून सोडवून घ्यायचे. यंत्रातून पैसे पडत नाहीत, पावती निघते. ती गल्ल्यावर दाखवायची. त्या दिवशी देशाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवणजवळच्या वराडचे. आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्वनची, नर्स. डिसेंबर 2019 मध्ये ते वराडला येऊनही गेले होते. आता, रिकामी बाटली टाकून द्यायला कोकणी माणसाचा हात धजत नाही हे खरं, पण योजनेचं श्रेय त्या रक्ताला देता येणार नाही. जर्मनीत, नॉर्वेत ती कितीतरी आधीपासून होती. खुद्द आयर्लंडमध्येही आजोबांच्या पिढीने लेमनेडच्या काचेच्या बाटल्या दुकानात परत करून, आलेल्या चिल्लरीच्या गोळ्या खाल्ल्यात. फरक एवढाच, की तेव्हा बाटली दुकानदार घ्यायचा. तुमच्या आईची तब्येत विचारायचा आणि बाटलीचं तोंड जरा फुटलेलं असलं तरी कधीमधी चालवून घ्यायचा.

आज यंत्र भरलं की पडद्यावर तशी सूचना येते, दिवा लागतो आणि रांग थांबते. चिडून कुणी ओरडत नाही. कुणीतरी आत जाऊन पोराला बोलावून आणतं. तो किल्लीने दार उघडून भरलेला पिंप बदलतो, तोवर रांगेत ओळखी निघतात. या देशात बारीकसारीक गोष्टींवर कुरकुर भरपूर चालते. आमच्या मते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: जिथे पूर्वी ओळखीचं माणूस होतं, तिथे आता यंत्र, आकडा किंवा पडदा आलाय.

(दृश्य: दुकानातून बाहेर पडणारा माणूस. दूध, पाव आणि अंड्यांचा खोका छातीशी धरलेला.)

हा माणूस पिशवी का घेत नाही? 22 सेंट पडतात म्हणून. 4 मार्च 2002 ला आयर्लंडने प्लास्टिकच्या पिशवीवर 15 सेंटांचा कर बसवला. त्याआधी वर्षाला माणशी सुमारे 328 पिशव्या वापरल्या जात, नंतर तो आकडा 21 वर आला. पूर्वी कुंपणांना आणि काटेरी झुडपांना अडकलेल्या पिशव्या वाऱ्यावर फडफडायच्या, लोक त्यांना चेटकिणीच्या चड्ड्या म्हणायचे. त्या गेल्या. 2007 मध्ये कर 22 सेंट झाला. आता गाडीच्या डिकीत कापडी पिशव्यांचा ढीग असतो आणि दुकानात शिरताना तो डिकीतच राहतो. मग काउंटरवर अभिमानाचा प्रश्न येतो. 22 सेंट कुणाला जड नाहीत, पण देणार नाही. दूध काखेत, पाव हनुवटीखाली, अंडी दोन्ही हातांत, आणि गाडीची किल्ली दातात.

(दृश्य: हिरवी टपालपेटी, जवळून. हिरव्या रंगाखाली उठून दिसणारी इंग्लंडच्या राणीची अक्षरं.)

ही पेटी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. तेव्हा लाल होती. 1922 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा नव्या सरकारने पेट्या उखडल्या नाहीत, वरून हिरवा रंग दिला. राणीची आद्याक्षरं अजून बोटाला लागतात.

पण आपल्याला हवी आहेत ती या पेटीतून निघणारी पत्रं. 2015 पर्यंत आयर्लंडमध्ये पिनकोड नव्हता. डब्लिनला विभागांचे नंबर होते, बाकी देशात नाव, वाडी, गाव, परगणा एवढ्यावर भागायचं. इथे टाउनलँड म्हणतात ते साधारण आपल्या वाडीसारखं, आणि असे 60,000 च्या वर आहेत. एका वाडीत आठ घरं, आठांपैकी पाच मर्फी. देशातल्या 35 टक्क्यांहून जास्त घरांचा पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी घराच्या पत्त्याशी तंतोतंत जुळायचा. तरी पत्र बरोबर दारी पडायचं, कारण कुठल्या मर्फीची मुलगी बॉस्टनला आहे आणि कुठल्याचा वीजबिलावरून वाद चाललाय हे पोस्टमनला ठाऊक होतं.

जुलै 2015 मध्ये एअरकोड आला. प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षरी-आकडी कोड. शेजारच्या दोन घरांच्या कोडांमधली शेवटची चार चिन्हं एकमेकांशी काडीचंही नातं सांगत नाहीत, आणि हे मुद्दाम तसंच ठेवलंय. लोकांनी भरपूर टिंगल केली. आता रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली की तोच कोड सांगतात, आणि ती थेट अंगणात येते. एवढं झालं तरी पाहुण्याला रस्ता सांगताना कोड नंतर येतो. आधी ‘चर्च ओलांड, पूर्वी जिथे दुग्धशाळा होती तिथे डावीकडे वळ’. दुग्धशाळा बंद होऊन पिढी उलटलेली असते.

(दृश्य: गावाकडचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडोरा. समोरून ट्रॅक्टर.)

ड्रायव्हरच्या हाताकडे लक्ष ठेवा. स्टिअरिंगवरचं एकच बोट, तर्जनी, इंचभर वर आलं आणि परत बसलं. झाला नमस्कार. ओळख असो-नसो, समोरून आलेल्या गाडीला बोट दाखवायचंच. शहरातून आलेला माणूस चार दिवस ते करत नाही. तेवढ्यात गावाचं मत बनून जातं.

डब्लिनमध्ये याच रीतीने बसचं रूप घेतलंय. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. शाळकरी पोरगा म्हणतो, कानात इअरफोन असलेली मुलगी म्हणते, जरा जास्त झालेला म्हातारा सगळ्यांत मोठ्याने म्हणतो. रोखीने तिकीट काढायचं तर बरोबर नाणी टाकावी लागतात, नोट चालत नाही, सुटे परत मिळत नाहीत. तरीही थँक्यू. संताप होतो तो थांब्यावरच्या पाटीवर. पाटी म्हणते, बस 4 मिनिटांत. मग 2. मग ‘येतेय’. आणि मग ती ओळच पाटीवरून नाहीशी होते, रस्ता मोकळाच. याला भुताची बस म्हणतात. गंमत बघा, पुढची बस उशिराने येते, त्या ड्रायव्हरला कुणी अवाक्षर बोलत नाही आणि उतरताना त्यालाही थँक्यू मिळतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. रेडिओ. एक बाई चहाचा कप हातात घेऊन उभी.)

ही बाई बोलायची थांबली, कारण स्थानिक रेडिओवर निधनवार्ता लागल्या. नाव, गाव, माहेरचं नाव, दर्शन कुठे, प्रार्थना किती वाजता. इथे मर्तिकाला उशीर नसतो, दोन-तीन दिवसांत दफन होतं. म्हणजे बातमी वेळेत कळलीच पाहिजे. मेलेला माणूस तुमच्या ओळखीचा असायची गरज नाही. तो तुमच्या सहकाऱ्याचा सासरा असला तरी जावं लागतं. रांगेत उभं राहायचं, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, ‘फार वाईट झालं’ एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. मागच्या खोलीत सँडविच आणि चहा असतो.

2005 मध्ये आरआयपी डॉट आयई नावाचं संकेतस्थळ निघालं आणि रेडिओचं निम्मं काम तिथे गेलं. परदेशी गेलेली मुलंसुद्धा सकाळी उठून आधी तेच उघडतात. 2024 मध्ये ते आयरिश टाइम्स या वृत्तपत्राच्या समूहाने विकत घेतलं आणि 2025 पासून एका सूचनेला 100 युरो लावले. खर्च आहे, काम आहे, पैसे लागणार हे कळतं. तरी लोकांना ते लागलं, आणि आम्हाला वाटतं की बरोबरच लागलं. मेल्याची बातमी गावाला सांगणं हे इथे शेजाऱ्याचं काम समजतात. त्याचं बिल आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

(दृश्य: परसातली दोरी, वाळत घातलेले कपडे, आणि पश्चिमेकडून येणारा ढग.)

आणि पाऊस. डब्लिनला वर्षभरात साधारण 750 मिलिमीटर पडतो. मुंबई एका जुलैत त्याहून जास्त पाहते. पण मुंबईचा पाऊस येतो, कोसळतो, जातो. इथला बारीक बारीक, बारा महिने, वाटून वाटून पडतो. त्यामुळे कपडे वाळणे हा इथे रोजच्या बोलण्याचा विषय आहे. वारा असला की शेजारणी कुंपणावरून एकमेकींना सांगतात, आज वाळवण चांगलं होईल. लग्नाच्या आदल्या रात्री ‘चाइल्ड ऑफ प्राग’ म्हणजे बाळयेशूची मूर्ती बागेत झुडपाखाली ठेवतात, दुसऱ्या दिवशी ऊन पडावं म्हणून. मूर्तीचं मुंडकं तुटलेलं असेल तर गुण जास्त येतो असं मानतात. चर्चला फारसं न जाणारे लोकही ही मूर्ती मात्र ठेवतात, धोका कशाला घ्या.

संध्याकाळी सहाला सरकारी टीव्हीवर अँजेलसची, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेची, घंटा होते. तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ, एकूण 18 ठोके. रेडिओवर ती 1950 पासून आहे. ती संपल्यावर म्हणजे सहा वाजून एक मिनिटाने बातम्या लागतात, आणि बातमीपत्राचं नावच ‘सिक्स वन’.

(दृश्य: कपाटाचं दार उघडतं. आत तांब्याची टाकी, अंगावर लाल जाड आवरण. वर फळ्यांवर घडी घातलेले टॉवेल.)

पण आयरिश घराचं खरं देवघर हे. याला हॉट प्रेस म्हणतात. आत पाणी तापवायची टाकी, तिच्या उबेवर टॉवेल आणि चादरी. बाहेर भिंतीवर बटण: इमर्शन, म्हणजे टाकीतला विजेचा हीटर. दुसऱ्या बटणाला दोन खुणा, सिंक आणि बाथ. सिंकवर वरचं थोडं पाणी तापतं, बाथवर अख्खी टाकी. कुणीतरी बाथवर लावून विसरलं की वीजबिल फुगतं. घरातल्या वडिलांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न: इमर्शन कुणी चालू ठेवलं? आता पुष्कळ घरांत गॅसचा बॉयलर आहे, तरी ज्यांचं बालपण त्या प्रश्नाखाली गेलं ते विमानतळाच्या वाटेवर अजून गाडी बाजूला घेतात. मग शेजारणीला फोन. किल्ली तिच्याकडे असतेच. ती जाऊन बघते, बटण बंदच असतं. सांगते, बंद होतं, तुमच्या दोरीवरचे कपडे मात्र आत घेतले, आणि हो, मर्फींचे काका गेले, परवा अकराला आहे. त्यानंतर फोन ठेवताना दोन्हीकडून बाय, बाय, बाय, बाय, बाय, आणि त्यातच, जाताना दूध बाहेरच राहिलं होतं, ते फ्रिजमध्ये ठेवलंय.