किल्लारी : ३० सप्टेंबर

सकाळी लातूर जिल्ह्यातल्या जुन्या किल्लारीत, १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात. पोलिसांची तुकडी मानवंदना देते, हवेत फैरी झडतात, पुष्पचक्र वाहिलं जातं. एवढं बातमीत दरवर्षी येतं. आपण जरा पुढं जाऊ, जुन्या गावठाणात.

इथं वाडे होते. दोन-दोन फूट रुंदीच्या दगडी भिंती, आणि दगड सांधायला फक्त माती. वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती नको म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर चढायचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं घर गार राहायचं. पिढ्यान् पिढ्या लोक डोक्यावरचं ओझं असं आपल्याच हातानं वाढवत गेले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम जमीन, असंच तेव्हा शिकलेली माणसंही सांगत होती.

इशारा मिळालाच नव्हता असं मात्र नाही. १९९२ सालापासून किल्लारीला लहान-लहान धक्के बसत होते. लोक घाबरले, अंगणात झोपले, सरकारदरबारी गेले. मग धक्के कमी झाले आणि अंथरुणं परत माळवदाखाली गेली.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून, दमून गाव झोपलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. काही घरांत लाकडी खांबांचे खण तसेच उभे राहिले, भिंती तेवढ्या आत कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी... जवळपास ८,००० माणसं गेली. वरून पाऊस लागलेला. सरणाला लाकडं कुठून आणायची? पडलेल्या घरांच्याच तुळया, दारं, चौकटी ओढून काढल्या आणि एकेका सरणावर कितीतरी जणांना अग्नी दिला.

म्हणून इथली आठवण दोनदा येते. तारखेनं ३० सप्टेंबरला, आणि तिथीनं गणपती विसर्जनाच्या रात्री. दुसऱ्या गावांत त्या रात्री ढोल-ताशे वाजतात. इथल्या जुन्या माणसांना तो आवाज अजून सोसत नाही. लगेच पितृपक्ष लागतो. पण ज्या घरात पान वाढायलाच कुणी उरलं नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी हा स्तंभ आहे. फुलं वाहणारा प्रत्येकजण आपल्याच माणसासाठी आलेला असतो असं नाही.

नवं किल्लारी दूर वसलं. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, ज्याची जेवढी शेतजमीन त्या हिशेबानं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची घरं. जुनी गल्ली, तिथला शेजार त्या आखणीत बसला नाही. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. ती आता चाळिशीच्या आसपास किंवा पुढं आहेत. त्यांच्या मुलांना भूकंप ठाऊक आहे तो मुख्यतः एका कागदामुळं. नोकरीच्या अर्जाला जोडायचं 'भूकंपग्रस्त' प्रमाणपत्र. ते कुणाच्या नावावर निघतं, का निघतं, हे विचारलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.